नाट लागू नये म्हणून

सातवी इनिंग सुरू झाली होती आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेली बाई चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाली, "अजून त्यांना एकही हिट मिळालेली नाही, नाही का?" पुढच्या रांगेतला जाडा गृहस्थ हातातला हॉट डॉग तसाच धरून मागे वळला. "बाई, काय केलंत हे?" बाई हसली. तिला वाटलं गंमत चाललीय. "का? माझ्या हातून पाप झालं का?" "पाप परवडलं. ते पाद्र्याकडे जाऊन कबूल तरी करता येतं." मागून कुणीतरी विचारलं, "कुठल्या गावच्या म्हणायच्या?" ती म्हणाली, सिएटलची, ऑफिसच्या कामाला आले, त्यांनीच तिकीट दिलं. "वाटलंच," मागचा म्हणाला. मग ती जरा कानकोंडी झाली, पण हट्टी असावी. "मी बोलल्यानं काय होणार आहे? त्याला तिथे खाली ऐकू जातंय का?" जाडा म्हणाला, "त्याला नाही जात. पण ऐकणारे ऐकतात." सगळे हसले, कुणीतरी तिला शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली आणि प्रकरण मिटलं. मी मात्र हसलो नाही. मी बोलल्यानं काय होणार आहे, हे वाक्य माझ्या कानात शिरलं आणि तिथेच बसून राहिलं. सूर्य स्टेडियमच्या छपरामागे कललेला, तळ्यावरून येणारा वारा बेताचा, सप्टेंबरातली अशी दुपार क्लीव्हलंडला वर्षातून चार वेळा मिळते, आणि खाली आमचा डावखुरा मेहिया असा चेंडू टाकत होता की समोरच्या फलंदाजांच्या बॅटींना जणू भोकं पडली होती. मी घड्याळ बघितलं. तीन वाजायला चार मिनिटं होती.

पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, नऊच्या नऊ इनिंग समोरच्यांना एकही धड हिट मिळू द्यायची नाही, हे इतकं दुर्मीळ की माझ्यासारख्या माणसाचं आख्खं आयुष्य वाट बघण्यात जातं. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. यातली अठ्ठावन्न वर्षं मी या गावाच्या बेसबॉल संघामागे घालवली, आणि तसा एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही. एकदा आमच्याच गावात झाला तेव्हा मी स्क्रूच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला आटे तपासत होतो. रेडिओवरसुद्धा ऐकला नाही, मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नसे. तसा सामना चालू असला की त्याचं नाव घ्यायचं नाही, हा कायदा आहे. लिहिलेला कुठेच नाही, पण चर्चमध्ये टोपी घालून आलेला माणूस आम्ही खपवून घेऊ, हा कायदा मोडणारा नाही. खेळाडू स्वतः पिचरशी बोलत नाहीत. तो बाकावर येऊन बसला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होतात. बोललं की नाट लागते. माझा बाप तर हा कायदा बेसबॉलच्या बाहेरही पाळायचा. तो ओतकाम करायचा, जादा पाळ्या मिळत असल्या, घरात मांस शिजत असलं आणि आईनं नुसतं म्हटलं की यंदा बरं चाललंय बाई, की तो जेवता जेवता टेबलाच्या लाकडावर बोटं आपटायचा आणि तिच्याकडे असा बघायचा की ती घास गिळून गप्प बसायची. स्लोव्हेनियातून येताना त्यानं एवढीच एक गोष्ट बरोबर आणली होती असं आई म्हणायची. मी ती जशीच्या तशी घेतली. त्याच्याकडून घेण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं, ते राहून गेलं.

आज इथे येण्याचं कारण बेसबॉल नव्हतं, हे कबूल करतो. माझी मुलगी टेस इथून दोन तासांवर कोलंबसला असते. शाळेत भूमिती शिकवते, एकटी राहते, चव्वेचाळीस वर्षांची आहे. आमच्या घरात रविवारी फोन करायचा तो फुटबॉलच्या, म्हणजे आमच्याकडच्या हातानं फेकायच्या फुटबॉलच्या, मध्यंतरात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. परवाच्या रविवारी मोसमातला पहिला सामना होता. बरोबर मध्यंतर झाल्यावर फोन वाजला. "मध्यंतर आहे ना, बाबा? मी बघूनच केला." मग त्याच आवाजात, कुणीतरी वाढदिवसाची तारीख सांगावी तसं तिनं सांगितलं, की छातीत गाठ सापडलीय, तुकडा काढून तपासायला पाठवलाय, बुधवारी अडीच वाजता डॉक्टरीणबाई बोलावतायत. मी म्हणालो, "बरं." आणि नंतर मी काय बोललो ते मला शब्दन्शब्द आठवतं. मी म्हणालो, "नवा क्वार्टरबॅक बघितलास का? खांदा दुखावलेला दिसतोय त्याचा. लांब फेकलेले चेंडू आखूड पडतायत." मला तिच्या स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येत होता. मग म्हणाली, "बुधवारी मी तुला फोन करणार नाही, बाबा. तुला असलं बोललेलं चालत नाही, मला माहीत आहे. विचारावंसं वाटलं तर तू कर." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी सुचलं असतं. "तिसरा क्वार्टर सुरू झाला असेल, जा," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी परत टीव्हीसमोर बसलो आणि सामना शेवटपर्यंत बघितला. आम्ही हरलो. कितीनं, ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावं लागलं. आणि बुधवारी घरात त्या फोनकडे बघत बसणं होईना म्हणून दुपारच्या सामन्याचं तिकीट काढून इथे आलो, असं हे आहे. वाटलं, तीन तास कुणी काही विचारणार नाही.

मेहियानं सातवी संपवली. शेवटच्या फलंदाजानं उंच मारलेला चेंडू मधल्या खेळाडूनं दोन पावलं मागे जाऊन आरामात घेतला, लोक उभे राहिले आणि सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं, दर सामन्याला सातवीच्या मध्ये म्हणतात तसं. मीही उभा राहिलो. ओठ हलवले. माझी बायको बर्नाडेट असती तर तिनं दोन्ही हात वर करून भसाड्या आवाजात म्हटलं असतं आणि त्या सिएटलच्या बाईला एव्हाना तिच्या सासूचं नाव विचारलं असतं. बर्नी कुणाशीही बोलायची. आमची गाठच मुळी तशी पडली. नोव्हेंबरातला फुटबॉलचा सामना, तळ्याकाठचं जुनं स्टेडियम, बसायला लाकडी फळ्या आणि वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गार. शेजारी लोकरीच्या टोपीतली एक मुलगी. तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि स्वतःच्या पायाखालचा पुठ्ठा फाडून अर्धा मला दिला. "यावर पाय ठेव. सिमेंट बुटातून वर चढतं. पहिल्यांदाच आलास वाटतं?" मी सहा वर्षं येत होतो. कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी आम्ही चोवीस गुणांनी मार खाल्ला आणि ती सामनाभर बोलत होती. मला वाटलं, या पोरीशी लग्न केलं तर मला जन्मभर बोलावं लागणार नाही. हिशेब चुकला नाही माझा. चुकायला हवा होता.

दर उन्हाळ्यात आम्ही गाडी काढायचो आणि दुसऱ्या कुठल्यातरी गावचं बेसबॉलचं मैदान बघून यायचो. डेट्रॉइट, पिट्सबर्ग, सिनसिनाटी ही जवळची आधी झाली, मग मिलवॉकी, सेंट लुइस, एकदा तर थेट डेन्व्हर. एकूण बावीस. लोक डोंगर बघायला जातात, समुद्राला जातात, आम्ही दुसऱ्याच्या गावातल्या खुर्चीवर बसून दुसऱ्याचा संघ हरताना बघायला जायचो. नकाशा तिच्या मांडीवर. रस्त्यातल्या प्रत्येक खाणावळीत ती तिथल्या बाईला विचारायची, "आज तुम्ही स्वतः काय खाल्लंत?" आणि तेच मागवायची. परक्या गावात संध्याकाळी मैदानाच्या दिशेनं चालणाऱ्या माणसांच्या मागोमाग जावं, वाट विचारायची गरज नाही, हे मला फार आवडायचं. अजूनही आवडतं, पण आता एकट्यानं गेलं की मोटेलवाला किल्ली देताना विचारतो, "एकच ना?" आणि हो म्हणावं लागतं. गेल्या सतरा वर्षांत मी फक्त दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तर चौथ्या इनिंगला उठून गाडीत येऊन बसलो.

बर्नीच्या आजाराचं आमच्या घरात नाव नव्हतं. पहिलं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आले, आणि मग दर तीन महिन्यांनी तपासणी. पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. हॉस्पिटलच्या बाहेर गाडीजवळ येऊन ती म्हणाली, "रूडी, काही नाहीये. स्वच्छ आहे." मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. ती हसली, तिला कळलं. तिला कळलं असं मी समजलो. पुढच्या वेळी तिनं नुसता अंगठा वर केला. त्याच्या पुढच्या वेळी तोही नाही, नुसती गाडीत बसली आणि म्हणाली, "चल." अशा सात तपासण्या गेल्या. प्रत्येक स्वच्छ रिपोर्टनंतर, हिवाळा असला तर मोसम सुरू होताच, आम्ही एका मैदानाला जायचो, पण कशासाठी चाललोय ते बोलायचो नाही. मी तिच्या कपाटातून कागद काढून गॅरेजमध्ये नेऊन वाचायचो, एकेक आकडा, मागचा आणि आत्ताचा, आणि परत जसेच्या तसे ठेवायचो. मला वाटत होतं मी सांभाळतोय. बाकावर तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा मी रिकाम्या ठेवल्या होत्या. मेहियाला ते चालतं, तो तासाभरात घरी जातो. कॅन्सस सिटीहून परत येताना, इलिनॉयच्या मक्यातून रस्ता सरळ चाललेला, तिनं नकाशा घडी करून ठेवला आणि म्हणाली, "आपण त्याबद्दल कधी बोलतच नाही." मी म्हणालो, "चांगलं चाललंय ना? मग?" ती म्हणाली, "चांगलं चाललंय तेव्हाच बोलायचं असतं, वेड्या." मी रेडिओ मोठा केला. कुठल्यातरी दोन संघांचा सामना चालू होता, ज्यांच्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मैल दीड मैल गेल्यावर तिनं विचारलं, "कोण जिंकतंय?" मी सांगितलं.

आठवा रिपोर्ट स्वच्छ नव्हता. तेव्हाही आम्ही बोललो नाही, मग तर नाहीच नाही. जानेवारीत ती गेली. त्या दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत फुटबॉलचा बाद फेरीचा सामना आवाज बंद करून लावलेला होता. तिनं डोळे न उघडता पुन्हा तेच विचारलं, कोण जिंकतंय, आणि मी पुन्हा सांगितलं. हे आमचं शेवटचं बोलणं. गल्लीतल्या लोकांनी विचारलं तर मी म्हणायचो, आजारी होती. आजवर तेच म्हणत आलो. तो शब्द माझ्या तोंडातून कधी बाहेर पडला नव्हता. त्याच्या दहा वर्षं आधी आमच्या फुटबॉल संघाच्या मालकानं आख्खा संघ उचलून दुसऱ्या गावाला नेला होता आणि तीन हिवाळे आम्हाला रविवारच नव्हता. तेव्हा मी दारात पायरीवर बसून हमसून हमसून रडलो होतो, सगळ्यांसमोर. शेजारचा ऑगी येऊन शेजारी बसला होता, तोही रडला. बर्नी आतून ओरडली होती, "दोघं मिळून रडताय तर एका रुमालात भागवा, धुवायचे मला आहेत." संघासाठी मला रडता आलं. तिच्यासाठी रडायला मी गॅरेजमध्ये गेलो, दार लावलं, आणि तिथे उभा राहून स्क्रूंचे डबे आकारमानानं लावले. टेस तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. ती दाराबाहेर उभी होती हे मला माहीत होतं. तिनं दार वाजवलं नाही, कारण आमच्या घरची रीत तिला पाठ होती.

आठवी इनिंग सुरू झाली. सहा माणसं बाद व्हायची राहिली होती. आता कुणी खुर्चीवरून हलत नव्हतं. जाड्या गृहस्थाच्या हातातला हॉट डॉग अजून तसाच होता, मोहरी त्याच्या मनगटावर आली होती. सिएटलची बाई दोन्ही तळवे गुडघ्यांत घालून बसलेली, शिकली बिचारी. तीन वाजून दहा मिनिटं. टेस बाहेर आली असेल. गाडीत असेल. हातात फोन धरून नसेल बसली, ती तशी नाही, तिनं सांगितलं करणार नाही म्हणजे नाही. आणि मी इथे बसून सामना संपायची वाट बघणार, नंतर रहदारी ओसरायची, नंतर जेवणवेळ टळायची, उद्या तिची शाळा असेल, मग रविवार येईल आणि मध्यंतर. मला स्वतःची घाण वाटली. इतकी स्पष्ट, की तोंडाला चव आली. पहिला फलंदाज तीन चेंडूंत गेला आणि पंचवीस हजार लोकांनी एकदम श्वास सोडला, आणि मी उठलो.

"ओ आजोबा," जाडा म्हणाला, "काय करताय?"

"जाऊ द्या मला."

"आत्ता? आत्ता कुणी उठतं? बाटलीत करा, पण बसा."

"मुलीला फोन करायचाय."

"ती काय पळून चाललीय? अर्ध्या तासानं करा!" मागून दुसरा म्हणाला, "आता हिट गेली तर हे आणि त्या बाई, दोघांना तळ्यात बुडवू." सिएटलच्या बाईनं पाय बाजूला घेतले. हळूच विचारलं, "माझ्यामुळे का हो?" मी म्हणालो, "हो, बाई. बरं झालं बोललात." तिला काही कळलं नसणार.

पायऱ्या चढताना मी मागे बघितलं नाही. वरती आमच्या विभागाच्या तोंडाशी ग्लॅडिस उभी असते, पंधरा वर्षं तीच तिकिटं बघते. तिची वेगळीच तऱ्हा. खेळ रंगात आला की ती मैदानाकडे पाठ करून उभी राहते, आपण बघितलं की बिघडतं अशी तिची खात्री. आताही ती भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभी होती. "कुणी असाल ते असा, काही सांगू नका मला," ती न वळता म्हणाली. मी तिच्यापलीकडे खांबाशी जाऊन उभा राहिलो. सगळा पॅसेज रिकामा. बिअरवालासुद्धा आत डोकावायला गेलेला. टेसचा नंबर लावला. एकदाच वाजला.

"बाबा?"

"हं."

"तू मैदानात आहेस. मी गाडीत बसून ऐकतेय, हॉस्पिटलच्या बाहेर." तिच्यामागे निवेदकाचा आवाज येत होता. "आठवी चालूये. तू उठलास जागेवरून?"

"उठलो."

"परत जा. बाबा, वेडा आहेस का? जन्मभर वाट बघितलीस. मी आहे इथेच, नंतर कर."

"रेडिओ बंद कर, टेस. काय म्हणाली डॉक्टरीण?"

रेडिओ बंद झाला. माझ्या बाजूला सगळं स्टेडियम होतं आणि तिच्या बाजूला काहीच नाही. "आहे," ती म्हणाली.

"केवढी?"

"द्राक्षाएवढी. काखेत गेलीय का ते अजून नक्की नाही. पुढच्या आठवड्यात कळेल. आधी औषधं, मग ऑपरेशन." तिनं थांबून विचारलं, "आणखी विचारणार आहेस?"

"औषधं किती महिने? सुट्टी मिळेल का शाळेतून? बरोबर कोण आहे?" मी एकामागून एक विचारत होतो, मला कसं जमत होतं कोण जाणे. तिनं सगळ्याची उत्तरं दिली. बरोबर कुणी नव्हतं. "घाबरलीयस?"

"हो."

"मीपण."

"तू?" आता तिचा आवाज फुटला. "तुला भीती वाटते? आईच्या वेळी तर तू..."

"तेव्हाही वाटत होती."

"आईला वाटायचं तुला कळलेलंच नाही, बाबा. शेवटपर्यंत तिला तसंच वाटत होतं. मला म्हणायची, त्याला काही बोलू नकोस, तो समजतोय मी बरी होतेय, तेवढं तरी त्याला मिळू दे. रात्री तुला झोप लागली की मला फोन करून रडायची, तुला कळू नये म्हणून."

मी खांबाला हात लावला. सिमेंट गार होतं. "मला सगळं ठाऊक होतं," मी म्हणालो. "प्रत्येक कागद मी वाचलेला होता. तिच्याइतकंच ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस तिच्याशी?"

हा प्रश्न मला सतरा वर्षांत कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मी खरं तेच सांगितलं. "नाट लागू नये म्हणून." माझ्याच कानांनी ते ऐकलं, एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या आवाजात. टेस रडत होती हे ऐकू येत होतं, आणि मी रेडिओ मोठा केला नाही, कारण रेडिओ नव्हता, आणि असता तरी केला नसता असं म्हणायला मला आवडेल. तेवढ्यात आत प्रचंड आवाज झाला. पायाखालची जमीन हलली. अठ्ठावन्न वर्षं ऐकलेला आवाज, हिट गेल्याचा वेगळा, झेल घेतल्याचा वेगळा, झोपेत ओळखेन अशी माझी फुशारकी. मला ओळखू आला नाही.

"मी उद्या सकाळी निघतो," मी म्हणालो.

"येऊन काय करणारेस?"

"विचारत बसेन."

"कंटाळा येईल मला."

"येऊ दे." तिनं नाक पुसलं आणि म्हणाली की येताना आईचा तो जाड स्वेटर आण, निळा, औषधांनी थंडी वाजते म्हणतात. मी म्हणालो आणतो. फोन ठेवला.

आत लोक अजून ओरडत होते. ग्लॅडिस भिंतीकडे तोंड करूनच उभी होती, खांदे वर चढलेले. तिनं माझी पावलं ओळखली असावीत. "रूडी, तूच ना? आता सांगून टाक, मला राहवत नाही. काय झालं आत? गेली का हिट?"

"माझ्या मुलीला कॅन्सर झालाय, ग्लॅडिस," मी म्हणालो.

ती वळली. माझं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"बर्नीलाही झाला होता."